चौल ते जंजिरा : रिकाम्या वस्त्यांच्या वाटेवर

महिन्यातला एखादा शनिवार-रविवार आमच्या घरात आधीच राखून ठेवलेला असतो. फजर झाली की डबे गाडीत, पाण्याच्या बाटल्या सीटखाली, कॅमेऱ्याची बॅग लेकीच्या मांडीवर आणि धाकटा अर्धवट झोपेत मागच्या सीटवर. गाडी जुनी आहे, कॅमेरा तर दुसऱ्याच्या हातून आलेला. लोक सुट्टीत माथेरानला, महाबळेश्वरला जातात. आम्ही जातो ते जिथे आता कोणी राहत नाही अशा ठिकाणी : पडके वाडे, ओस पडलेली बंदरं, छप्पर उडालेल्या मशिदी आणि चर्च, गवतात बुडालेले चौथरे. शेजारच्या भाभी एकदा म्हणाल्या, "अहो, पैसे खर्च करून पडक्या भिंती बघायला जाता?" त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही.

खरी हरकत मात्र घरातून आली. अब्बा, म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे, मोजकं बोलतात. एकदा त्यांनी आम्हाला समोर बसवून हिज्रची हकीकत सांगितली. तबूकच्या मोहिमेवर जाताना हुजूर (सल्ल.) समूद लोकांच्या उजाड वस्तीजवळून गेले, तेव्हा त्यांनी सोबत्यांना तिथल्या विहिरीचं पाणी वापरू दिलं नाही, आणि ती जागा मान खाली घालून झपाट्याने ओलांडली. "आणि तुम्ही तिथे जाऊन डबा खाता, फोटो काढता," अब्बा म्हणाले. आम्ही तत्परतेने उत्तर दिलं की ती अजाब आलेली कौम होती, आम्ही जातो त्या वस्त्या तर आपल्याच माणसांच्या. आणि जमिनीवर हिंडून आधीच्यांचं काय झालं ते पाहा, असं कुरआनातही अनेक ठिकाणी सांगितलेलं आहे. अब्बा हसले. "पाहा म्हटलंय. मिरवा नाही म्हटलं." त्या दिवशी ते बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं.

आज लिहायचंय ते आमच्या सगळ्यात आवडत्या वाटेबद्दल. पनवेलहून पेण, वडखळ, अलिबाग. पुढे चौल, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई, मग काशीद, नांदगाव आणि मुरूड. अंतर तसं फार नाही, पण वडखळला गाड्या तुंबल्या की सगळा हिशोब कोलमडतो, म्हणून फजरनंतर लगेच निघायचं. या एका रस्त्यावर इतक्या रिकाम्या वस्त्या आहेत की तीन वर्षांत तीनदा जाऊनही आमच्या पाहून झालेल्या नाहीत.

चौलला पोचल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, पाटाचं पाणी, मधूनच एखादं कौलारू घर. एका बाजूला झाडीत हमामखान्याची इमारत उभी आहे; घुमटाच्या फटींतून झाडांची मुळं उतरलेली. नाहायला येणारं गावच उठून गेलं, हमाम राहिला. धाकट्याने आत जाऊन एक हाक मारली, ती घुमटातून परत आली, मग तो अर्धा तास तेवढंच करत बसला.

हे चौल म्हणजे अरबांचं सैमूर. बगदादचा प्रवासी अल-मसऊदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास इथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय की या एका गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी, आणि त्यांची इथेच जन्मलेली, इथल्याच भाषेत बोलणारी मुलं. इथल्या मुळाच्या अशा लोकांना तो बयासिरा म्हणतो. राज्य राष्ट्रकूटांचं, त्यांच्या वतीने कारभार शिलाहारांचा, आणि मुसलमानांच्या आपसांतल्या बाबी पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला. त्या पदाला हुनरमन म्हणत. हे वाचलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. तुम्ही इथले कधीपासून, असं आम्हाला कोणी विचारलं की आम्ही आजोबा-पणजोबांपर्यंत जाऊन थांबतो. आणि इथे अकराशे वर्षांपूर्वीची दहा हजार माणसं एका ओळीत नोंदलेली आहेत.

मग ही वस्ती गेली कुठे? एका दिवसात कोणतंच बंदर मरत नाही. खाडीत गाळ साठत गेला. 1508 मध्ये याच खाडीच्या तोंडाशी मिसरच्या मम्लूक आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाझने पोर्तुगीजांना हरवलं, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरीही 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला आपलं ठाणं उभारायला घेतलंच. 1570-71 मध्ये निजामशाही फौजेने त्याला वेढा घातला, पण ते पडलं नाही. पुढे इंग्रजांची मुंबई मोठी होत गेली आणि व्यापार तिकडे सरकला. 1740 मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला तोवर बंदराचं वैभव ओसरलेलं होतं. आपले कोकणातले किती लोक नोकरीसाठी मुंबईला गेले आणि मागे घराला कुलूप राहिलं, ते आठवलं तर यात नवल वाटू नये. चौलचंही तेच झालं, फक्त अख्ख्या शहराचं.

रेवदंड्याची गंमत अशी की तुम्ही कोटाच्या आत शिरलात हे कळतच नाही. रस्ता तटबंदीतूनच जातो. आत लोकांच्या वाड्या आहेत, आणि त्या वाड्यांमध्ये पोर्तुगीजांची चर्चं, मठ, कमानी पडलेल्या. एका बाईंनी "बघायचंय तर या की" म्हणून फाटक उघडलं, तर त्यांच्या विहिरीमागे कोरीव कमान उभी, तिच्या आधाराने नारळाच्या झावळ्या रचलेल्या. सातखणी मनोरा म्हणतात त्याचे आता चारच मजले उरलेत. आम्ही परवानगी विचारूनच आत जातो. कधी नाही म्हणतात, तेव्हा मागे फिरतो. निघताना त्या बाईंनी दोन शहाळी दिली, पैसे घेतले नाहीत.

याच गावात बेने इस्राएल लोकांचं सिनेगॉगही आहे. यहुदी लोक कोकणात तेलाचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आता त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेलेत. आम्ही नेमके शनिवारीच तिथून जातो. आमच्या नानी सांगतात की लहानपणी त्यांच्या शेजारी एक शनिवार तेलीण होती आणि हलालचं मटण दोन्ही घरांत चालायचं.

नानींचं नाव निघालंच आहे, तर आता जंजिऱ्याला जायला हवं. कोर्लईचा किल्ला, तिथे अजून बोलली जाणारी पोर्तुगीज मिसळलेली बोली, काशीदचा किनारा, हे सगळं आम्ही दर वेळी "परत येताना" म्हणून मागे टाकतो, आणि परत येताना अंधार झालेला असतो.

जंजिरा हा शब्द अरबी जझीरा, म्हणजे बेट, यावरून आला. राजपुरीच्या खाडीत काळ्या खडकावर सिद्दींनी बांधलेला हा किल्ला कोणालाच जिंकता आला नाही. शिवाजी महाराजांनी तो घेण्यासाठी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालून बघितला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या हबशी माणसांचं हे राज्य थेट 1948 पर्यंत चाललं, मग मुंबई राज्यात विलीन झालं. गाईड हे सगळं पाच मिनिटांत उरकतो आणि तोफांवर येतो. कलाल बांगडी, चावरी, लांडा कासम. तोफांसमोर उभं राहून फोटो काढून घेणाऱ्यांची रांग लागलेली असते.

गाईड जे सांगत नाही ते असं की हा नुसता लढाईचा किल्ला नव्हता. इथे गाव होतं. मोहल्ले होते, मशिदी होत्या, गोड्या पाण्याचे दोन तलाव होते, ते अजून आहेत. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोडं. लोक सहज राहू शकत. संस्थान गेलं, नोकऱ्या गेल्या, शाळा-दवाखाने समोरच्या किनाऱ्यावर, आणि प्रत्येक वेळी होडी. एकेक कुटुंब उठत गेलं.

नानींची अम्मी त्या किल्ल्यात जन्मलेली. नानींचा जन्म मुरूडचा, आता वय 84, आमच्याकडे पनवेलला असतात. पहिल्यांदा जंजिऱ्याला निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "अम्मीचं घर बघून या. फोटो आणा." आम्ही विचारलं, घर ओळखायचं कसं? त्यांनी अम्मीकडून ऐकलेलं सांगितलं : दारातून तलाव दिसायचा. दाराच्या उजव्या हाताला भिंतीत एक कोनाडा होता, त्यात संध्याकाळी दिवा ठेवायचे. दाराला तीन पायऱ्या, मधली तुटकी. बस.

पहिली फेरी वाया गेली. राजपुरीहून शिडाची होडी निघाली, त्यात चाळीसेक माणसं. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे वाचलेलं होतं, तरी तो अचानक समोर आल्यावर सगळेच गप्प झाले. होडी वर-खाली होत असते आणि शेवाळलेल्या पायरीवर नेमक्या क्षणी पाय टाकावा लागतो. आमच्यापैकी एक घाटावरचा आहे, मिरजेचा. त्याला दोन खलाशांनी काखेत धरून उतरवलं, ते चित्र लेकीने टिपलंय आणि ते आम्ही कोणाला दाखवत नाही. होडीवाल्याने बजावलं की तासाभरात परत. तासाभरात काय होणार? दरवाज्यावरचं शिल्प, हत्तींना पंजात धरलेला तो वाघासारखा प्राणी, पीर पंचायतन, सुरूलखानाच्या वाड्याच्या उंच उघड्या भिंती, तोफा. शिट्टी वाजली, परत.

घरी आल्यावर फोटो मोठ्या कौतुकाने नानींना दाखवले. मोबाईलच्या पडद्यावर त्यांना नीट दिसत नाही, म्हणून छापून आणले होते. मावळतीचा प्रकाश, समुद्र, बुरूज, खिडकीतून दिसणारं शीड. त्यांनी सगळे एकेक करून पाहिले, पुन्हा गड्डी नीट केली आणि म्हणाल्या, "सुंदर आलेत. पण यात माणसांची जागा कुठाय?"

दुसऱ्या फेरीत जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. किल्ल्याकडे जाण्याआधी आम्ही खोकरीला थांबलो. राजपुरीजवळच सिद्दी सरदारांचे मकबरे आहेत, दगडी जाळ्यांचे, घुमटांचे, फार देखणे. सगळ्यात मोठा सिरूलखानाचा. सकाळचं कोवळं ऊन जाळीतून आत पडत होतं. अंगणात एक बुटका दगडी चौथरा होता. आम्ही लेकीला म्हटलं, त्यावर बस, ऊन तोंडावर येऊ दे, मान जरा वळव. ती बसली. पाच-सहा फोटो झाले. मागून आवाज आला, "बेटा, ती कबर आहे."

शेळ्या घेऊन एक म्हातारे चाचा उभे होते. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. गवत वाढलेलं, दगड झिजलेला, लक्षात आलं नाही, वगैरे आम्ही काहीबाही बोललो. ते म्हणाले, "लक्षात कसं येईल, सगळे बसतात." लेक खाली उतरून रडायला लागली. तिचा काही दोष नव्हता. बस म्हणणारे आम्ही. अब्बांचं "मिरवा नाही म्हटलं" हे वाक्य त्या क्षणी दोघांनाही आठवलं, हे आम्ही एकमेकांना रात्री मुरूडला खालाजानच्या घरी पोचल्यावर सांगितलं. कॅमेऱ्यातून ते फोटो तिथेच काढून टाकले आणि फातिहा पढलो. कोणासाठी, ते ठाऊक नव्हतं. दगडावर नाव नव्हतं.

तेव्हापासून काही गोष्टी पाळतो. पडक्या जागी आधी कॅमेरा बाहेर काढत नाही, एक चक्कर मारतो. आजूबाजूला कोणी राहत असेल तर सलाम करून विचारतो, हे कुणाचं होतं. भिंतींवर चढत नाही. चुन्याने धरलेली भिंत कधी सुटेल सांगता येत नाही, आणि पावसाळ्यानंतर दगडांच्या फटीत साप असतात. मधमाश्यांचं पोळं असलेल्या कमानीखाली बोलतही नाही. जंजिरा संरक्षित स्मारक आहे, तिथे ड्रोन किंवा तिपाई घेऊन जायचं तर आधी परवानगी लागते. मुरूडला नवाबांचा अहमदगंज पॅलेस लागतो, तो खासगी आहे, म्हणून रस्त्यावरून जेवढा दिसतो तेवढाच. आणि भिंतींवर नावं कोरणाऱ्यांबद्दल काय लिहावं? सुरूलखानाच्या वाड्यात बाणांनी भोसकलेली बदामं इतकी आहेत की मूळ गिलावा शोधावा लागतो. धाकट्याने एकदा खिळा उचलला होता. त्याला एवढंच विचारलं की तुझ्या खोलीच्या भिंतीवर अनोळखी माणसाने नाव कोरलं तर?

खोकरीच्या त्या चाचांनीच पुढची वाट दाखवली. नानींच्या घराचं सांगितल्यावर म्हणाले, अमुक होडीवाल्याला भेटा, त्याचा बाप किल्ल्यातल्या लोकांचं सामान वाहायचा. तो होडीवाला भेटला, पण त्या दिवशी भरती-वाऱ्यामुळे होड्या बंद झाल्या. पावसाळ्यात तर त्या बंदच असतात, आणि शुक्रवारी दुपारी जुम्यासाठी थांबतात, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आम्ही हात हलवत परतलो.

तिसरी फेरी गेल्या जानेवारीत. होडीवाल्याने आम्हाला सकाळी पहिल्या होडीने सोडलं आणि म्हणाला, "दुपारच्या होडीने या, मी बघतो." साडेतीन तास मिळाले. गाईडची वाट सोडून तलावाच्या बाजूने वर चढलो. इथे झुडपांत घरांची जोती आहेत, ओळीने. गुडघाभर उंचीच्या भिंती, मध्ये वाट, पुन्हा भिंती. पाटा ठेवायचा असावा असा एक सपाट दगड. एका ठिकाणी चुलीसारखा काळवंडलेला कोपरा. लेक पुढे जाऊन प्रत्येक जोत्याच्या दारात उभी राही आणि ओरडे, "इथून तलाव दिसतो!" अडचण अशी की तलाव जवळपास सगळ्याच दारांतून दिसत होता. कोनाडेही पुष्कळ. उजव्या हाताचे चार सापडले. तीन पायऱ्या कुठेच धड नव्हत्या. दोन असतील, किंवा एक, किंवा मातीत गेलेल्या.

आम्ही सगळं टिपलं. या वेळी सूर्य कुठे आहे, शीड कसं येतंय, काही पाहिलं नाही. दार, कोनाडा, दारातून दिसणारं पाणी, पायऱ्या. मग पुढचं दार. भर दुपारचा उभा प्रकाश, फोटो म्हणून एकही बरा नाही. जोहरची नमाज तिथेच एका झाडाखाली पढलो. अकामत झाली तेव्हा धाकटा म्हणाला, इथे आवाज परत येत नाही. छप्परच नाही तर कुठून येणार?

रात्री पनवेलला आल्यावर छापायला टाकले, आणि दुसऱ्या दिवशी नानींच्या पलंगावर बासष्ट फोटो मांडले. त्यांनी चष्मा पुसला. कोनाड्यांचे चारही फोटो हातात घेतले. एकाकडे बराच वेळ पाहिलं, म्हणाल्या, "असेल." मग दुसऱ्याकडे पाहून, "हेही असेल. मी कुठे पाहिलंय, अम्मीने सांगितलेलं." आम्हाला वाईट वाटलं. इतकं करून घर सापडलं नाही.

मग त्यांचं बोट एका फोटोवर थांबलं. तो आम्ही मोजण्यासाठी म्हणून काढलेला, तलावाच्या काठावरून खाली जाणाऱ्या पायऱ्यांचा. पाणी हिरवं, कडेला दगड निसरडे. "हीच ती," नानी म्हणाल्या. "अम्मीच्या कपाळावर इथे खूण होती, भुवईच्या वर. विचारलं की म्हणायची, तलावावर हंडा घेऊन घसरले, सात वर्षांची होते. आम्हाला वाटायचं, समुद्राच्या मध्यात कुठला आलाय तलाव, अम्मी काहीही सांगते." त्यांनी भुवईच्या वर स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. अब्बा दारात उभे होते. आत आले, फोटो हातात घेऊन त्यांनीही पाहिला, आणि विचारलं, "याची एक प्रत मला मिळेल?"

तो फोटो आता नानींच्या पत्र्याच्या पेटीत निकाहनाम्याजवळ आहे. कोनाड्यांचे चारही त्यांनी ठेवून घेतलेत. बाकीचे परत दिले, म्हणाल्या, तुमच्या कामाचे असतील.

गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "पावसाळा संपला की होड्या सुरू होतात ना?" आम्ही हो म्हटलं आणि काही वेळ कोणी बोललं नाही, कारण त्या पायरीवर पाय टाकताना मिरजेच्या माणसाचं काय झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग राजपुरीला फोन लावला. होडीवाला म्हणाला, नोव्हेंबरात या, शनिवारी नको, गर्दी असते. सकाळी भरतीची वेळ आणि वारा पाहून मी दिवस सांगतो. घरातली प्लास्टिकची हात असलेली खुर्ची घेऊन या, चौघं मिळून उचलू. खुर्ची आम्ही पाहून ठेवली आहे. नानींनी एकदा बसूनही पाहिलं.